वा म्हणजे ये

पंकजाबाईंनी मैदानावर तोंड बंद ठेवायचं, असं बजावूनच जयश्रीनं आईला रिक्षात बसवलं.

“आई, गोल होवो की न होवो, तो शब्द काढायचा नाही.”

“तीस वर्षं या घरात मी बोलतेय आणि बाकीचे ऐकतायत. आता लेक मला शब्द मोजून देणार!”

“बाकी हवं ते बोल. पंचाच्या सात पिढ्या काढ. तो एक नको.”

पंकजाबाईंनी पदर आवळून तोंड फिरवलं. कोणता शब्द, हे मात्र विचारलं नाही. ठाऊक होतं.

शब्द ‘वा’. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. मराठीत कुणी काही झकास केलं की ‘वा!’ निघतं. तमिळात ‘वा’ म्हणजे ‘ये’. दारासुरमच्या विणकराचा कार्तिक यातच फसला होता. पंकजाबाईंचा बाला आणि तो जिवाचे दोस्त, पण संघ वेगळे. बाला कुंभकोणमकडून गोल मारायचा, कार्तिक दारासुरमकडून अडवायचा. रविवारी दोघे परसात सराव करीत. पाण्याचा लोखंडी पाइप हा गोलचा डावा खांब. बालानं मारायच्या आधी कार्तिक त्यावर दोनदा थाप द्यायचा. टण, टण. एकदा त्यानं अंग झोकून असा काही चेंडू अडवला, की चुलीपाशी बसलेल्या पंकजाबाईंच्या तोंडून गेलं, “वा!”

पोरगा धावत मागच्या दाराशी. “वंदुट्टेन, अम्मा.” आलो, अम्मा.

हसून हसून पंकजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हातावर चकलीसारखा मुरुक्कू ठेवून त्यांनी त्याला परत पाठवलं. तेव्हापासून तसंच चाललं. त्यांनी ‘वा’ म्हणायचं, त्यानं हात पसरून दाराशी यायचं. मराठीतला तेवढाच एक शब्द तो शिकला, आणि तोही त्याला तमिळच वाटला.

गेल्या हंगामात दारासुरमनं लीग जिंकली, कुंभकोणमनं कप. नवा हंगाम उघडतो तो या दोघांच्या सामन्यानं, शील्डसाठी. उन्हाळाभर दोघे एकमेकांना डिवचत होते. “शेवटची पेनल्टी तू मार, मी अडवतो,” हे कार्तिकचं पालुपद.

आडी महिन्यात, आषाढात, कावेरीला पाणी सुटलं. पलीकडच्या काठाला शिवून यायचं, अशी पैज लावून दोघे उतरले. परत बाला एकटा आला.

त्या दिवसापासून बाला कुणाशी बोलेना. सांजेला घाटावर जाऊन बसायचा. पंकजाबाई मागोमाग जात, लांबून बघत. गेल्या आठवडाभरात त्यांच्या ध्यानात आलं, की पोरगा रोज आदल्या दिवसापेक्षा एक पायरी खाली बसतो. काल पाणी त्याच्या घोट्याला लागलं होतं.

वैद्य झाले, देव झाले. बाला एवढंच म्हणाला, “शील्डचा सामना खेळणार. त्याला शब्द दिलाय.” खेळला तर चेंडूच्या मागं माणसांत येईल, नाहीतर त्या पायऱ्या आहेतच, हे पंकजाबाईंना लख्ख दिसत होतं. म्हणून त्या आल्या होत्या. शील्ड कुणाच्या घरी जाते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

चार वाजता शिट्टी झाली. दारासुरमच्या गोलमध्ये नवा मुलगा होता, कल्याणराम. पहिला तासभर बाला लाकडासारखा पळत राहिला. दारासुरमनं एक गोल चढवला. मागून कुणीतरी ओरडलं, “ए बाला, झोपलास काय?” पंकजाबाईंनी वळून त्याला असं पाहिलं, की तो शेंगा चघळायचा थांबला.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना चेंडू बालाच्या पायाशी आला. त्यानं एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि कोपऱ्यात असा ठेवून दिला की कल्याणराम बघतच राहिला.

“वा!” पंकजाबाई उभ्या राहून ओरडल्या. “वा, माझ्या राजा, वा!”

जयश्रीनं त्यांचा दंड धरला. उशीर झाला होता.

वारा पडला. गोलमागची भिंत नदीच्या बाजूला खचलेली होती, तिथून गोलपर्यंतच्या वाळल्या मातीवर एकेक ओला ठिपका उमटत आला. पावलाएवढा. ठिपके खांबापाशी थांबले.

टण, टण.

कल्याणरामनं दचकून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. बालानं मान वर केली आणि तो हसला. दोन महिन्यांनी पोरगा हसला, आणि त्याच्या आईच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर बालाचा एकही चेंडू आत जाईना. सरळ निघालेला चेंडू खांबापाशी कुणी तळवा लावल्यासारखा वळायचा. लोक म्हणाले, नव्या पोराचं नशीब. कल्याणराम जागचा हललाही नव्हता. प्रत्येक वेळी बाला अधिकच खूष. त्याच्या डोळ्यांना आता बाकीचे एकवीस जण दिसतच नव्हते.

बरोबरी राहिली. पेनल्ट्या आल्या. आठ झाल्या, नववी दारासुरमनं आत घातली. दहावी, शेवटची, बालाची. चुकली तर शील्ड गेली.

त्यानं चेंडू ठेवला, मागं गेला नाही. चेंडू तिथंच टाकून तो हात थोडा पुढं करून गोलकडं चालायला लागला. गोलपलीकडं जाळी, जाळीपलीकडं खचलेली भिंत, भिंतीपलीकडं नदी. पंचानं शिट्टी फुंकली. बालाला ऐकू गेली नाही.

पंकजाबाई लोकांना कोपरांनी सारत रेषेपर्यंत गेल्या. “जा रे बाबा!” खांबाकडं बघून त्या ओरडल्या. “जा! बोलावलं ते चुकलं माझं. जा!”

आणि बाला झपाझप चालायला लागला.

पंकजाबाईंच्या ध्यानात आलं. मराठी कळत होती ती बालाला. ज्याला घालवायचं त्याला ‘जा’ कळतच नव्हतं.

आता उरलं तमिळ. तमिळात ‘जा’ म्हणजे ‘पो’. पण त्या गावात निघणाऱ्याला कुणी नुसतं ‘पो’ म्हणत नाही. ‘पोयिट्टु वा’ म्हणतात, जाऊन ये. दुष्मनालासुद्धा. आणि इथं तर ‘वा’ म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ज्याच्या हातावर मुरुक्कू ठेवले त्याला अर्धाच शब्द द्यायचा होता.

“पो!” सगळ्या गावादेखत पंकजाबाई ओरडल्या. “पो, कण्णा! पो!” जा, बाळा.

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, “गोलकीपर पोराला कुणी असं बोलतं का? काय बाई आहे!” पंकजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

खांब वाजला. टण.

एकदाच.

मग वारा सुटला, जाळी हलली. बाला गोलच्या तोंडाशी उभा होता, कुणी ढकलून जागा केल्यासारखा. तो मुकाट मागं आला आणि त्यानं पेनल्टी मारली. साधीच होती. कल्याणरामनं ती दोन्ही हातांनी अडवली. शील्ड दारासुरमला गेली.

बाला तिथंच मातीत बसून ढसाढसा रडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

रिक्षात तो आईला टेकून बसला. म्हणाला, “तू त्याला नुसतं ‘पो’ म्हणालीस.”

“म्हणाले.”

“तो नाही आता येणार.”

“नाही.”

पंकजाबाईंनी पदरानं त्याच्या कपाळावरची माती पुसली. 

“भूक लागलीय,” बाला म्हणाला.

तो आता घाटावर जात नाही. रविवारी कल्याणरामला घेऊन परसात सराव करतो. पोरगा चांगला अडवतो. पंकजाबाई चुलीपाशी ओठ घट्ट मिटून बसतात, आणि हात चालता चालता मध्येच थांबतो. कान पाइपाकडं असतो. एक थाप त्यांनी ऐकलीय. तो नेहमी दोन द्यायचा.