शंभर मीटरचा चुना

काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून फाटते. तिच्यावर रस्ता टिकवायचा तर आधी तिच्यात चुना कालवावा लागतो आणि दोन्ही कडांना नाली काढून पाणी दूर ठेवावं लागतं. पारशिवनीजवळच्या आमच्या गावच्या रस्त्यात चुना पडला तो पहिल्या शंभर मीटरांत. पुढच्या दोन किलोमीटरांत चिमूटभरही नाही. मला माहीत आहे, कारण तपासणीचे सगळे नमुने मीच त्या शंभर मीटरांतून उचलले. ठेकेदाराच्या लॅबमध्ये ही रीतच आहे. रिपोर्टवर सही माझी.

दीड वर्षात रस्ता कडेनं उभा फाटला. पाच वर्षं दुरुस्ती ठेकेदाराच्याच गळ्यात होती. आमचा सुपरवायझर कृष्णकांत फोटो काढत निघाला आणि माझ्या आईच्या वावरापाशी थांबला. ट्रॅक्टर आत न्यायला आईनं नाली दगडमातीनं बुजवली होती. गावात सगळेच बुजवतात. तिथं पाणी तुंबून रस्त्याखाली मुरलं होतं. हेही खरंच.

"घ्या, सापडलं," तो हसला. "लिही, नाली बुजवल्यानं नुकसान. भीमाबाईले नोटीस, आपण मोकळे."

"ते माही आई हाय."

"म्हणून तं तुलेच लिहाले लावून राहिलो. पोरीनं लिहिलेलं खोटं कोन म्हनन? नाही तं चुन्याचा रिपोर्ट काढू. सही कोनाची हाय त्याच्यावर?"

घरी आई भाकरी थापत होती.

"नाली काहून बुजवली वं आई?"

"मंग ट्रॅक्टर डोक्यावर नेऊ? नाली काढनाऱ्यानं पाइप टाकाले पाह्यजे होता. अन तुमी रस्त्यात काय टाकलं, ते सांग."

तिनं भाकरी उलटवली नाही, करपली.

"माह्यं नाव लिही," ती म्हणाली. "बुजवली मीनं. पन तुह्यंबी लिही."

दुसऱ्या दिवशी जिथं नाली साफ उघडी होती, तिथल्या भेगेखालची माती मी खणून आणली. वाळवून, चाळून दोन नळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाकली. एकीत पाणी, एकीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलातली दहाच्या खुणेवर होती, पाण्यातली एकोणीसच्या. चुना पचलेली माती अशी फुगत नाही.

दोन कागद लिहिले. एकात आईची नाली. दुसऱ्यात चुना, नमुन्यांतली लबाडी, माझी सही. शहरात सदरमधल्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात साहेबांपुढे ठेवले. त्यांनी दोन्ही वाचले, पहिल्यावर आवकचा शिक्का मारला आणि दुसरा माझ्याकडे सरकवला.

"हा घरी न्या. नोकरी करायची आहे ना?"

"मग पहिलाही परत द्या."

"तो आवक झाला. आता परत मिळत नाही."

आईचं नाव आत गेलं होतं, माझं बाहेर राहिलं होतं. मी खुर्ची ओढून बसले. दुसऱ्यावर शिक्का पडल्याशिवाय उठत नाही, म्हणाले. साहेबांनी शिपायाला बोलावून माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला आणि ते जेवायला गेले.

मी बसले आहे.