अर्जियाच्या गाण्यावरचं मतदान

कम्युनिस्ट पक्षाच्या आमच्या गावच्या शाखेत पक्षाच्या उत्सवात गायचं गाणं आधी सभेत मंजूर करून घ्यावं लागतं. हा नियम आणला अन्तेओनेच, दहा वर्षांपूर्वी, मोडेना शहरातून येणाऱ्या एका चिकण्या गायकाचं तोंड बंद करायला. त्यामुळे नंतर अन्तेओची जी फजिती झाली तिच्याबद्दल मला अर्धीच दया आली. मी शाखेच्या सभांच्या नोंदी ठेवतो. अशा सभा लिहून लिहून माझा स्वभाव बिघडला आहे.

अन्तेओ बोत्ताझी म्हणजे आमचा गायक. सिमेंट कारखान्याच्या संपावर त्याचं गाणं आहे, भातखाचरांत निंदणी करणाऱ्या बायकांवर आहे, चिलीच्या खाणकामगारांवर आहे. व्हिएतनामवर तर अकरा आहेत. तुरीनच्या ट्रामचालकांना त्याने आयुष्यात पाहिलं नाही, तरी त्यांच्यावर दोन. बायकोवर मात्र एकही नाही. अर्जियाने तीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मग तिच्या हृदयाची झडप बिघडली, मंगळवारचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी काही खात्री देता येत नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी कांदा चिरता चिरता ती एवढंच म्हणाली, "ट्रामवाल्यांना दोन मिळाली."

अन्तेओने आठवडाभर घरात कोंडून घेऊन गाणं लिहिलं. उत्सव रविवारी संध्याकाळी होता, म्हणून सभा रविवारी सकाळी, चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळेलाच. आमच्या सगळ्या सभा त्याच वेळेला असतात, पाद्र्याला झोंबावं म्हणून. बायका मागच्या टेबलांवर संध्याकाळसाठी तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पुड्या, वळत बसल्या होत्या, अर्जियाही त्यांच्यात.

अन्तेओने गाणं वाचून दाखवलं. गाणं चांगलं होतं. तेवढ्यात डेअरी संघाचा देल्फो उठला. तो म्हणाला, गाण्यात 'माझी अर्जिया' असं आलंय. आपण जमीन सामाईक करायला निघालोय, मग बाई तेवढी खाजगी कशी? ते 'माझी' गेलं. महिला समितीच्या निवेसने गाण्यातल्या स्वयंपाकघराला हरकत घेतली, कारण तिथेच बाईचं शोषण होतं. स्वयंपाकघर गेलं. म्हातारा प्रीमो म्हणाला की पाणी उपसायच्या पंपाचा प्रश्न वसंत ऋतूपासून पडून आहे, तर एक कडवं त्यावरही असावं. तेही मंजूर झालं.

प्रत्येक दुरुस्तीला अन्तेओ हात वर करून पाठिंबा देत होता. पक्षशिस्त त्याच्या हाडीमाशी खिळलेली. बहुमत दिसलं की त्याचा हात आपोआप वर जायचा. त्याने शाखेविरुद्ध मत दिल्याची एकही नोंद माझ्या वह्यांत नाही.

तरी देल्फोचं समाधान होईना. प्रेम खाजगी असेल तोवर ते उत्सवात गाता येणार नाही, म्हणाला. सामाईक केलं तर अडचण उरणार नाही. म्हणून त्याने ठरावच मांडला: कॉम्रेड अर्जियावर संपूर्ण शाखेचं प्रेम आहे, आणि हे गाणं सर्वांनी मिळून गावं.

"मला कुणी विचारणार आहे का?" अर्जिया मागून म्हणाली.

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक चाळलं. जिच्याबद्दल ठराव आहे तिला मत देता येतं, असं त्यांनी सांगितलं, पण बोलता येत नाही.

बाजूने त्र्याऐंशी हात वर झाले. त्यांतले निम्मे पिठाने माखलेले. रस्स्यातल्या मिठावरून नऊ वर्षं अर्जियाशी अबोला धरलेला खाटीक एर्मेससुद्धा हात वर करून बसला होता. तटस्थ एक, अर्जिया. विरोधात कोण, हे मी निव्वळ पद्धत म्हणून विचारलं, आणि 'कोणी नाही' लिहायला लागलोसुद्धा. शेजाऱ्याने कोपराने ढोसलं म्हणून मान वर केली. अन्तेओचा हात वर होता.

"चुकून राहिला का रे वर?" देल्फोने विचारलं.

"नाही."

अध्यक्ष म्हणाले, विरोधाचं कारण नोंदवावं लागेल.

अन्तेओ उभा राहिला. "मला ती वाटून द्यायची नाही," तो म्हणाला.

हे राजकीय कारण नव्हे, असं अध्यक्षांनी त्याला सुनावलं. दुसरं कारण आपल्याकडे नाही, असं तो म्हणाला आणि खाली बसला. हात मात्र खाली घ्यायचा विसरला.

संध्याकाळी त्र्याऐंशी जणांनी गाणं गायलं, पंपासकट. बहुमताचा मान ठेवून अन्तेओने एकॉर्डियन वाजवलं, पण तोंड उघडलं नाही. पंपाच्या कडव्याला एर्मेस हुंदके देऊन रडला. मला सगळ्यांचा इतका राग आला होता की मी वाइनसुद्धा घेतली नाही.

गाणं संपल्यावर अर्जिया हात पुसत माझ्याकडे आली आणि सकाळची नोंद वाचून दाखव म्हणाली. मी ठराव वाचायला घेतला.

"ते नको. शेवटचं वाच."

"विरोधात, एक."

"परत वाच."

मी परत वाचलं. ती वहीवर वाकली. "त्याचं नाव कुठाय?"

मी सांगितलं की मतांचे फक्त आकडे लिहितात, नावं लिहीत नाहीत.

"लिही."

मी अन्तेओचं पूर्ण नाव लिहिलं. तिने शाईवर फुंकर घातली, अक्षरं वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली आणि मग म्हणाली, "आता मंगळवारी जाते मी."