कानसेनांची निळी गाडी

"बाबा, हिचे कार्बुरेटर कोणी जुळवले?"

प्रश्न एवढाच होता. पण 'ते मीच जुळवले' असं ती शाळेत सांगत आली होती, म्हणून तो विचारायला तिला तीन मैत्रिणींनी भरीला पाडलं होतं आणि त्या तिघी आता दोरीपलीकडे एकमेकींचे दंड चिमटत उभ्या होत्या. "घरी कोणीही हो म्हणेल," चष्मिश म्हणाली होती. "सगळ्यांसमोर विचार, मग मानू तुला." लंबूने तर तोंडावरच सांगितलं होतं, "सोड गं, ही एक नंबरची थापाडी आहे."

थापाडी! तिला? म्हणूनच तर तिने नेमकी वेळ साधली होती. मैदानात जुन्या गाड्यांच्या मंडळाचं प्रदर्शन भरलं होतं, सचिवकाका जाडजूड वही उघडून बाबांच्या गाडीपाशी आले होते आणि भोवती वीस-पंचवीस माणसं होती. नव्याने उभ्या केलेल्या प्रत्येक गाडीला त्या वहीत एक पान मिळे. इंजिन कोणी केलं, पत्रा कोणी, रंग कोणी, सगळं ओळीने. 'कार्बुरेटर' या शब्दापुढची जागा अजून कोरी होती. "त्या ओळीत तुझं नाव घालू, खारूताई, आडनावासकट," असं बाबांनी कबूल केलं होतं. दोन वर्षं ती त्या ओळीवर डोळा ठेवून होती.

गाडी निळी, इटालियन, चार दारांची. दिसायला साधी घरगुती, आतून शर्यतीची. आली तेव्हा मात्र टेम्पोवर चढून आली होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला आणि दारांखालचा पत्रा बोट लावलं की चुरा होऊन पडायचा. त्याला नऊ वर्षं झाली. आईची कपडे वाळत घालायची जागा गेली, सगळ्या सुट्ट्या गेल्या. बाबांनी तो पत्रा कापून नवा जोडला, ब्रेक चांगल्यातले घातले, चार गिअरच्या जागी पाच आणले. काढलेला भाग होता तसाच परत बसवतील तर ते बाबा कसले!

इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे कार्बुरेटर तेवढे मूळचे ठेवले. ते दोन आणि त्यांची तोंडं चार. इंजिन चालू असताना प्रत्येक तोंड हवा ओढतं आणि फुसफुसतं. चारही फुसफुशी अगदी सारख्या आल्या की गाडी लोण्यासारखी चालते. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक तोंडापाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि स्क्रू केसभर फिरवायचा. बाबांचा कान असा, की मंडळात त्यांना कानसेनच म्हणत. रविवारी लोक आपापल्या गाड्या घेऊन दारात उभे राहत. बाबा आधी स्वतः नळी कानाला लावत, मान डोलावत आणि मग तिच्या हातात देत. "ऐक, शीक जरा." ती ऐके. बाबांची बोटं स्क्रूवर, तिचं बोट त्यांच्या मनगटावर. एकदा टिचकी म्हणजे सैल, दोनदा म्हणजे आवळा. बरोबर जमलं की तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. घरची निळी तर तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत अशीच जुळवली होती.

म्हणून प्रश्न विचारून ती छाती काढून उभी राहिली. उत्तर तिला माहीत होतं ना!

बाबा मोठ्याने हसले. "कोणी म्हणजे काय? नऊ वर्षं नळी कोणाच्या कानाला आहे?" मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिने टॉर्च धरला हं. खोटं कशाला बोला!"

सगळे हसले. सचिवकाकांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या कोऱ्या जागेत बाबांचं नाव लिहिलं. दोरीपलीकडून लंबूचा आवाज आला, "टॉर्चवाली!"

तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

"कानसेन, एकदा करून दाखवाच," सचिवकाका म्हणाले. गाडी सुरू झाली. बाबांनी नळी कानाला लावली आणि दुसरं टोक तिच्याकडे दिलं. "धर गं."

तिने टोक पहिल्या तोंडापाशी नेलं आणि तिथेच नळी दुमडून मुठीत करकचून आवळली. आता मुंगीचा श्वाससुद्धा पलीकडे जाणार नव्हता. होऊ दे फजिती! ऐकू येत नाही म्हणू देत, वळून तिला विचारू देत.

बाबांनी डोळे मिटले. "वा," ते म्हणाले. "काय भरदार आवाज आहे!"

तिला वाटलं, मूठ सैल पडली असेल. तिने आणखी आवळली. दुसरं तोंड. "हा किंचित पातळ. पण चालायचंच." तिसरं. चौथं. "चारही एका सुरात, बघा!"

टाळ्या पडल्या. नुसती मूठ वर केली असती तरी काम झालं असतं, पण तिचा हात उठेचना. बाबांनी डोळे उघडले आणि त्यांना ती मूठ दिसली. मुठीतली दुमडलेली नळीही दिसली. बापलेकीची नजरानजर झाली. आधी बाबांनी नजर वळवली.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, बाबांना नीट ऐकू येत नाही. तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. टीव्ही एवढ्या मोठ्याने कोण लावतं असं वाटलं तुला, मी?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू खुशीत होतीस गं त्या गॅरेजमध्ये," आई म्हणाली आणि घातलेलीच घडी मोडून पुन्हा घालू लागली.

बाबा दारातच उभे होते. आत येऊन बसले. "ऑफिसात मी कोण आहे? तिसऱ्या टेबलावरचा माणूस. साहेबाला बावीस वर्षांत माझं नाव पाठ झालं नाही. मंडळात गेलो की लोक कानसेन म्हणून उठून जागा देतात. तेवढंच आहे माझं."

"आणि माझं?"

"तू लहान आहेस. तुझ्यापुढे आख्खं आयुष्य पडलंय."

"म्हणून माझं उचललं तरी चालतं?"

बाबा एकदम उत्साहाने पुढे सरकले. "हे बघ, मी ठरवलंय. कार्बुरेटर काढूनच टाकू. त्या जागी पेट्रोलचं इंजेक्शन बसवू, सगळं कॉम्प्युटर बघतो. ऐकायची भानगडच नको. मिटलं?"

तिला येणारी एकुलती एक गोष्ट ते काढून टाकायला निघाले होते आणि वर तोंडभर हसत होते.

"आणि वहीतलं नाव?"

"ते आता लिहून झालं गं. सचिव सगळ्यांसमोर विचारेल, का खोडायचं म्हणून. मी काय सांगू?"

आईने घड्यांवरून हात काढला. "अहो, निदान तिची माफी तरी..."

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"आई, राहू दे," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण आवाज खणखणीत लागला. "दोघंही ऐका, मी काय ठरवलंय ते. उद्या शाळेत सांगणार, मी थाप मारली होती. चिडवतील, चिडवू देत. तुमच्या कानाचं माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. पण यापुढे मी एकाही गाडीपाशी तुमच्या शेजारी उभी राहणार नाही."

"अगं, येत्या रविवारी तीन गाड्या यायच्यात!"

"मग तुमच्या तुम्ही ऐका."

बाबांनी कपाळाला आठ्या घालून मान किंचित पुढे केली. त्यांना नीटसं कळलं नव्हतं. तेव्हा ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि ओठ स्वच्छ हलवत, एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हणाली,

"तुमच्या. तुम्ही. ऐका."