अडचणीची ओळ

आणखी दोन वर्षं शिकवायला मिळणार, आवारातल्या दोन खोल्या तोवर सोडाव्या लागणार नाहीत, आणि सरांच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला चर्चचा तरुण पाळक तेवढाच काळ ताटकळणार. एवढा फायदा मनाशी मांडून सरांनी पिशवीतलं जाडजूड बायबल काढलं आणि कारकुनाच्या टेबलावर ठेवलं.

शाळेच्या दाखल्याप्रमाणे सर या महिन्यात साठ पुरे करून निवृत्त होत होते. बायबलात मात्र, जुन्या आणि नव्या करारांच्या मधे घरच्या नोंदींसाठी सोडलेल्या पानांवर, त्यांचा जन्म दोन वर्षं उशिरा झाला होता. त्या धर्मशिक्षण विद्यालयात अशी नोंद पुरावा म्हणून चालत असे. अट एकच, लिहिणाऱ्याने समोर येऊन सही करायची.

लिहिणारी ताई शेजारच्या खुर्चीत बसली होती. सरांची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, बिनलग्नाची. सरांना वाढवलं तिनेच. आठवडाभर ती "राहू दे रे, साठ काय कमी झाली?" म्हणत होती. बायबल ठेवलेल्या ट्रंकेची किल्लीही एरवी तिच्याकडून इतक्यांदा हरवत नसे.

कारकून सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने चष्मा वर सरकवला.

"ऐन वेळी बरी सोयीची तारीख निघाली, सर. तुम्हीच शिकवायचात, सोयीच्या ओळीवर आधी संशय घ्या."

"आणि अडचणीच्या ओळीवर विश्वास ठेवा, हे सोयीस्कर विसरलास," सर म्हणाले. "गोष्ट रचायची असती तर पट्टशिष्य पेत्रानेच प्रभू येशूला नाकारलं, हे कोणी लिहून ठेवलं असतं का? लेखणी माणसाची, लिहवून घेणारा दुसराच."

"बघू तर, इथे अडचण कुणाची होते." त्याने थट्टेतच पान उलटलं.

ताईने मांडीवरच्या पर्सचा बंद घट्ट धरला.

त्या पानावर घरातले मृत्यू होते. कारकुनाचं बोट एका ओळीवर थांबलं, मागच्या पानावर गेलं, पुन्हा पुढे आलं.

"सर, तुमच्या आई कधी गेल्या?"

"मी वर्षाचा असताना."

"दाखल्याशी जुळतं ते. पण या नोंदीप्रमाणे..." तो जरा घुटमळला. "त्या गेल्यावर वर्षाने तुमचा जन्म."

सर हसले. "लिहिताना चुकली असेल. ताई, आईची तारीख..."

"दोन्ही बरोबर आहेत," ताई म्हणाली.

सरांचं हसू तसंच राहिलं.

"दाखला बाबांनी लिहवला. यातही तसंच लिही म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले." तिने पानावरून तळवा फिरवला. "अलीकडे देवाचं वचन, पलीकडे देवाचं वचन. मधे खोटं कसं लिहू?"

सर तिच्या हाताकडे बघत राहिले. चौऱ्याहत्तरातून अठ्ठावन्न. वजाबाकी सोपी होती, तरी त्यांनी ती दोनदा केली. मग त्यांनी अर्ज मागे ओढला.

"राहू दे. दाखल्याचीच तारीख धर."

कारकुनाने लगबगीने बायबल मिटलं. ताईने ते उघडलं, अर्ज पुन्हा पुढे सरकवला आणि सावकाश सही केली. सहीखाली एक रकाना होता, अर्जदाराशी नातं. तो कोरा ठेवून तिने पेन सरांपुढे धरलं.

सरांनी 'ब' लिहिला, थांबले, खोडला. शेजारी दोन अक्षरं लिहिली.

सरांना दोन वर्षं मिळाली. तिने अठ्ठावन्न आधीच दिली होती.