अंगठे आत, टाचा बाहेर

“आई, तू अठीच बस. पिशव्या पाह्य. आमी तासाभरात येतो,” संघदीप म्हणाला आणि चहाच्या टपरीसमोरची प्लॅस्टिकची खुर्ची त्यानं आईच्या पुढ्यात सरकवली.

मथुराबाई बसल्या नाहीत. रेल्वे, बस आणि वर पोट ढवळून काढणारी जीप, असा तीन दिवसांचा प्रवास करून हिमालयात आल्या त्या काय खुर्चीत बसायला? खुर्च्या मारेगावात कमी होत्या का? संघदीप पोस्टात नोकरीला. प्रवास सवलतीच्या अर्जात आईचं नाव होतं म्हणून आई आली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आली तर आली. पण आता समोर बर्फाचा उतार होता. ठिकाण काही फार मोठं नव्हे. एक उतार, माणसांना वर ओढून नेणारी एक दोरी आणि बूट-फळ्या भाड्यानं देणारा एक तंबू. पायाला लांब फळ्या बांधून बाया-माणसं त्यावरून सुसाट खाली येत होती. नऊ वर्षांची नात निशिगंधा टाळ्या पिटत होती.

“मले बी जायचं हाय,” मथुराबाई म्हणाल्या.

“आई, तुमचे गुडघे,” सून रुपाली हळूच म्हणाली.

“गुडघ्यायले इचारलं मी. हाव म्हनले.”

निशिगंधा फिस्सकन हसली. संघदीपनं मात्र आवाज खाली आणला. “आई, समजून घे नं. किती लोकं हायेत अठी. तुह्यं चालनं असं... सारे हासतीन.”

आता ही चालण्याची गोष्ट सांगायलाच हवी. मथुराबाईंनी अठ्ठावीस वर्षं जिनिंगच्या कारखान्यात काढली. कापसाच्या भल्यामोठ्या गंजीवर चढायचं आणि पायांनी कापूस दाबत राहायचं, हे त्यांचं काम. मोकळ्या कापसात पाय सरळ टाकला की माणूस मांडीपर्यंत रुततो, नाहीतर घसरत थेट खाली येतो. म्हणून अंगठे आत, टाचा बाहेर, गुडघे वाकलेले, असं एकेक पाऊल रोवायचं. अठ्ठावीस वर्षांत पायांनी तीच खोड धरली. पुढे डांबरी रस्त्यावरही त्या तशाच चालू लागल्या. गल्लीतली पोरं मागून नक्कल करायची, आणि एकदा शाळेच्या गॅदरिंगमध्येही केली. तेव्हा चौथीतल्या संघदीपनं घरी येऊन सांगितलं होतं, तू शाळेत येत जाऊ नको.

त्या गेल्या नाहीत. दहावीत तो तालुक्यात पहिला आला, त्याचा सत्कार झाला, तेव्हाही त्या फाटकाबाहेर सायकलींच्या रांगेपाशी उभ्या राहून टाळ्या ऐकत होत्या. याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या.

“तू लहान होता तवा मले शाळेत येऊ नको म्हनलं. मले लय लागलं, पन मी ऐकलं. लेकराचं ऐकलं. आता तू लेकरू नाही अन् माह्यं बी लय ऐकून झालं. हासन त्याचे दात दिसन.”

संघदीपचं तोंड एवढंसं झालं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मथुराबाई तोवर तंबूत शिरल्यासुद्धा. भाड्याच्या जाड पँटमध्ये त्यांनी अख्खं लुगडं कोंबलं, वरून कोट चढवला आणि बाहेर आल्या तेव्हा त्या भरलेल्या बोऱ्यासारख्या दिसत होत्या. रुपालीनं ओठ दाबून धरले आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुढे होऊन सासूच्या टोपीचा बंद नीट बांधून दिला.

शिकवणारा नेमसिंग तिथलाच, पन्नाशीचा पहाडी माणूस. त्यानं सगळ्यांच्या पायाला फळ्या बांधून त्यांना लहानशा चढावर एका रांगेत उभं केलं आणि मथुराबाईंच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाला, “पंजे अंदर, एड़ी बाहर.”

मथुराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या लांब आलं तर इथंही तेच. “काहून रे भाऊ? तेरेकू भी मेरेच पाव दिखे क्या? इतने लोगां खडे है, मेरेच पाव पे बोलता?”

नेमसिंग गोंधळला. “माताजी, सबको यही बोलता हूँ. यही तो ब्रेक है. सीधे पाँव वाला गिरता है. आपके तो पहले से सही हैं, इसलिए दिखा रहा था.”

मथुराबाईंनी मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग रांगेतल्या बाकीच्यांच्या पायांकडे पाहिलं. सगळे सरळ. संघदीपचे तर बाहेर फाकलेले.

“जय भीम,” त्या पुटपुटल्या आणि निघाल्या.

फार वेगात नाही. पण पाय रोवत, गुडघे वाकवून, गंजीवरून उतरावं तशा सावकाश. बर्फ करकरत होतं, वारा नाकात झोंबत होता, आणि मथुराबाईंच्या पोटातून एक हसू वर येत होतं, ते त्यांनी अडवलं नाही. अगदी खाली आल्यावर तेवढा तोल गेला आणि त्या बदकन बसल्या. कुणी धावून येण्याआधीच हात टेकून उठल्या आणि दोरीकडे चालू लागल्या.

वर पोचल्या तेव्हा संघदीप तिसऱ्यांदा पडून उठत होता. कानांत बर्फ गेलं होतं. नेमसिंग वैतागून त्याला सांगत होता, “भाईसाहब, माताजी को देखो. वैसे रखो पाँव.”

आजूबाजूचे दोघंतिघं मथुराबाईंकडे वळून पाहू लागले. संघदीपनं अंगावरचं बर्फ झटकलं. मग म्हणाला, “आई, कसे ठेवते वं? दाखव नं.”

कितीतरी वर्षांनी तो त्यांच्या पायांकडे सरळ बघत होता. मथुराबाईंना ते दिसलं. पण त्यांनी लाड केले नाहीत.

“अंगठे आत घे,” त्या म्हणाल्या. “आनखी. लाजू नको.”

त्यानं घेतले. वाकडे, अवघडलेले, हुबेहूब त्यांच्यासारखे.

“आता ये माह्या मागं.”

त्या उतारावर लागल्या. तो मागे येतोय की पडलाय, हे पाहायला त्या वळल्या नाहीत. तास संपायच्या आत त्यांना अजून दोनदा वर जायचं होतं.