ती खुशाल आहे

“बाबू, हाव म्हनाचं का नाई म्हनाचं, ते एकडाव सांगून टाका ना त्या ठेकेदाराले,” बॉनेटमध्ये खुपसलेलं डोकं वर न काढताच वहाब मिस्त्री म्हणाला. “आठ दिवसांत तीनदा मानूस धाडला त्यानं. मले त रस्त्यानं चालू देत नाई.”

“साहेबाची चिठ्ठी येऊ दे,” गुणवंतराव म्हणाले आणि गाडीचा दिवा पुसू लागले. तो दिवा त्यांचा आत्ताच पुसून झाला होता.

“दहा साल झाले साहेबाले जाऊन. गाडी तुमच्या नावावर, कागद तुमच्या पेटीत. मंग त्याले कायले पुसता?”

“तुले नाई समजत. जाताना त्यानं मले सांगतलं होतं.”

वहाब पाना फिरवत राहिला. साहेबानं काय सांगितलं होतं, हे दहा वर्षांत त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

गुणवंतराव मूल गावच्या जंगल ऑफिसात कारकून. बत्तीस वर्षं त्यांनी आवक-जावक लिहिली. अक्षर असं, की चांद्याचे मोठे साहेब कागद वाचायच्या आधी नुसता पाहत बसत. पण अक्षरावरून माणसाला बाजारात कोण ओळखतो? मूलमध्ये त्यांना ओळखत ते ‘खेळगाडीवाले बाबू’ म्हणून. गाडी लाल, दोनच माणसांची, वर छप्पर नाही, बुटकी, पोट जमिनीला टेकेल अशी. तिचे आधीचे मालक, जंगल ऑफिसचे इंग्रज विल्मॉट साहेब तिला ‘स्पोर्ट’ म्हणत. लोकांनी मराठी शाळेच्या मास्तरांना अर्थ विचारला, मास्तर म्हणाले ‘खेळ’, आणि त्या दिवसापासून ती खेळगाडी झाली.

गुणवंतरावांना ती चालवता येत नव्हती. राइस मिलचं इंजिन सांभाळणारा वहाब दर रविवारी यायचा, गाडी सुरू करायचा, मिलपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. शेजारी गुणवंतराव, एक हात टोपीवर. आठवड्याच्या त्या पाऊण तासात लोक आधी त्यांना नमस्कार करत, मग ते लोकांना. माणसाला एवढं सुख पुरतं.

रुखमाबाईंना मात्र ते सुख पटलेलं नव्हतं. क्वार्टरच्या मागे एकच गोठा होता आणि त्यात गाडी होती. त्यांची गाय दहा पावसाळे पळसाखाली बांधलेली होती.

“मुक्या जनावराले पान्यात उभं करता अन् लोखंडाले छपराखाली ठेवता,” त्या म्हणत. “आता माहा राग कोनी समजावा?”

आता दोन महिन्यांत पेन्शन होती. क्वार्टर सोडायचं, चिमूरला भावाच्या दोन खोल्यांत जायचं. तिथे गाय कशीबशी मावली असती, गाडी नाही. अशात बापूजी ठेकेदाराला गाडी हवी झाली. मुलाच्या लग्नात नवरदेव घोड्याऐवजी तीत बसवायचा होता. गुणवंतरावांच्या मनात गाडी ठेवायचीच होती. भाड्यानं शेड घेऊन ठेवायची, पण ठेवायची. साहेबाचं ‘विकू नकोस’ असं एक अक्षर आलं असतं, तर ते रुखमाबाईंपुढे ठेवता आलं असतं. म्हणून त्यांनी विलायतेला पत्र घातलं होतं.

साहेबानं काय सांगितलं होतं, ते आता सांगायला हवं.

इंग्रजीत वस्तूला ‘इट’ म्हणतात, हे गुणवंतराव मॅट्रिकपर्यंत शिकले होते. पण विल्मॉट साहेब गाडीला ‘शी’ म्हणत. ‘शी’ आज रुसली आहे, ‘शी’ला पाणी दे. रुखमाबाईंना ‘शी’चा एकच अर्थ ठाऊक होता, तेव्हा त्या पदर तोंडाला लावत. गुणवंतरावांना मात्र ते फार आवडलं. आपल्याकडेही गाडी ‘ती’च, साहेबाकडेही ‘ती’च.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेब जायला निघाला. दारात चांद्याची मोटार उभी होती. साहेबानं गाडीचे कागद आणि किल्ली गुणवंतरावांच्या हातात दिली, पायऱ्या उतरला, पुन्हा वळला. व्हरांड्यासमोर लाल गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी ओलं फडकं हातात घेऊन बंगल्यावर झाडलोट करणारी बुधरी. साहेबानं तिकडे बोट केलं आणि इंग्रजीत म्हणाला, “गुणवंत, तिच्याकडे बघ. तिला अंतर देऊ नकोस.”

“येस सर,” गुणवंतराव म्हणाले. आणि त्यांनी अंतर दिलं नाही.

दरवर्षी नाताळाआधी ते आपल्या सुरेख अक्षरात इंग्रजी पत्र लिहीत: ‘आपल्या कृपेनं ती खुशाल आहे. तिच्या डोक्यावर चांगलं छप्पर आहे. यंदाच्या पावसानं तिला काही झालं नाही.’ साहेबाचं कार्ड येई: ‘ऐकून फार बरं वाटलं. तिला माझा नमस्कार सांग.’ साहेब लोकांची तऱ्हाच न्यारी, असं म्हणून गुणवंतराव गोठ्यात जात, मागेपुढे कोणी नाही हे बघत आणि हळूच गाडीला म्हणत, “साहेबानं नमस्कार सांगतला.”

बुधवारी टपालात निळं पाकीट आलं. गुणवंतरावांनी ते ऑफिसातच, टेबलाशी उभं राहून फोडलं. साहेबाचं अक्षर आता थरथरतं झालं होतं, पण मजकूर स्पष्ट होता.

‘प्रिय गुणवंत, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू आजारी आहेस काय? तिला चांगलं गिऱ्हाईक आलं आहे, परवानगी असेल तर विकतो, म्हणजे काय? बुधरी ही काय विकायची वस्तू आहे? बुधू ज्या सागाखाली सापडून मेला, त्या झाडावर तोडायच्या खुणेचा हातोडा मी स्वतः मारला होता. त्याच्या बायकोला अंतर देऊ नकोस, एवढं एकच मी जाताना तुझ्याकडे मागितलं. दहा वर्षं तुझी पत्रं वाचून मी सुखानं झोपलो. ताबडतोब लिही, तिला कोण नेतो आहे आणि कुठे?’

गुणवंतराव खुर्चीवर बसले. आधी त्यांना हसू आलं, हे खोटं कशाला सांगायचं? ठेकेदाराच्या दारी लग्नाची वरात आणि तीत फुलांचे हार घातलेली बुधरी असं काहीतरी डोळ्यांसमोर आलं. मग हसू गेलं. बुधरी कुठे आहे? बंगल्यावर तर नाही. कधीपासून नाही?

ते उठून रेकॉर्डच्या खोलीत गेले. अठ्ठेचाळीस सालचा गठ्ठा सापडायला वेळ लागला नाही, कारण तो त्यांनीच बांधला होता. नवे साहेब आले होते, बंगल्यावरची जादा माणसं कमी करायची म्हणाले होते, ‘नावं तुम्हीच काढा बाबू’ म्हणाले होते. यादी निघाली. चौथ्या ओळीत ‘बुधरी, बेवा बुधू’. अक्षर असं देखणं, की बघत राहावं. खालची तारीख त्यांनी दोनदा वाचली. त्याच आठवड्यात त्यांनी विलायतेला लिहिलं होतं, की तिच्यासाठी नवं छप्पर घातलं आहे. आयुष्यात एक काम आपण चोख केलं, असं ते स्वतःला सांगत आले होते. ते चोख काम आता त्यांच्या पुढ्यात उघडं पडलं होतं, आणि त्यांना लाज वाटली, नुसती लाज.

रविवारी वहाब आला तेव्हा ते काळा कोट घालून तयार होते.

“आज मिलकडं नाई. मोहटोल्याले चाल. बुधरीचं माहेर तिथी होतं म्हंते.”

“आठ मैल! अन् ठेकेदाराचा मानूस दुपारी येऊन राह्यला ना, बाबू.”

“येऊ दे. बसंल.”

रस्ता बैलगाड्यांचा. चाकोरीत गाडीचं पोट घासत होतं आणि वहाब प्रत्येक घासण्याला या अल्ला म्हणत होता. वाटेत गुणवंतरावांनी त्याला चिठ्ठीची सगळी हकीकत सांगितली. एक खड्डा चुकवून वहाब म्हणाला, “म्हंजे तो नमस्कार गाडीले नव्हताच?”

“नव्हता.”

“तुमी सांगत होते काय तिले?”

गुणवंतरावांनी टोपी सावरली. वहाबनं पुन्हा विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

धान कापून झालं होतं. गावाबाहेर खळ्यावर एक वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई सुपानं धान उफणत होती. गाडीचा आवाज ऐकताच ती थांबली. तिनं आधी गाडीला ओळखलं, माणसांना नंतर.

“बाप्पा! लाल गाडी!” सूप तसंच हातात घेऊन ती खळ्याबाहेर आली. तिनं गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग वाकून चाकावरच्या पत्र्याच्या आत बोट फिरवलं आणि ते बोट बाबूंना दाखवलं. “खालून धुत नाई वाटते कोनी?”

दहा वर्षांत गुणवंतरावांनी तिथे कधी हात घातला नव्हता. तिथे मळ असतो, हेच त्यांना माहीत नव्हतं.

“बुधरी, वळखलं मले?”

“वळखलं जी. जंगल ऑफिसचे बाबू. तुमीच त कागद वाचून दाखवला होता, उद्यापासून येऊ नोको म्हून.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “मंग मी दोन-तीनदा आली होती तुमच्या गोठ्याकडं. म्हटलं गाडी धुऊन देतो, चार पायल्या तांदूळ भेटन. तुमी म्हटलं, हात नोको लावू.”

ते गुणवंतरावांना आठवत नव्हतं. पण आपण तसंच म्हटलं असेल, याची त्यांना खात्री होती.

त्यांनी खिशातून निळं पाकीट काढलं आणि सगळं सांगितलं. साहेबानं बोट कोणाकडे केलं होतं, आपण कोणाकडे समजलो, दहा वर्षं काय लिहीत आलो. बुधरी मान कलती करून ऐकत होती. नाचता मोर पाहावा तसं तिच्या तोंडावर नवल होतं.

“काय काय लिवलं माह्यावर?” तिनं विचारलं.

“बुधरी बरी हाये. तिच्या डोक्यावर छप्पर हाये. पान्यानं तिले काई झालं नाई.”

बुधरीनं खळ्यापलीकडच्या आपल्या खोपटाकडे पाहिलं. “दोन पावसाळे छप्पर नव्हतं जी. ते दोन सालं बी लिवलं काय?”

“ते बी लिवलं.”

ती हसली. मोकळं हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि वहाब दुसरीकडे पाहू लागला.

“आता मी खरं लिवतो,” गुणवंतराव म्हणाले. “सगळं लिवतो साहेबाले.”

“नोका लिवू,” ती पटकन म्हणाली. “म्हातारा झाला असंल. माहा मानूस गेला तवा तो लेकरावानी रडला होता जी, म्या पाह्यलं. दहा सालं कागदावर बरी ठेवली ना मले? मंग आता कायले मारता?”

गुणवंतरावांनी गाडीवर हात ठेवला. पत्रा उन्हानं तापला होता. हिला दिलं ते छप्पर बुधरीचं होतं, ही आपली नव्हतीच, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि ठरवायचं होतं ते ठरून गेलं.

“वहाब, ठेकेदाराले सांग, गाडी ने म्हना. पैसे नोको. लाकूड दे, छपराले कवेलू दे अन् एक सुतार दे. हिचं घर बांधाचं हाये.”

“बाबू, एवढ्यात त दोन घरं होतीन.”

“मंग मोठं एक बांधू.” आणि ते बुधरीकडे वळले. ती नको म्हणेल, आढेवेढे घेईल, असं त्यांना वाटलं होतं.

“कवेलूच द्या जी,” ती म्हणाली. “तनसाचं छप्पर दरसाली बदलाव लागते. अन् दार उगवतीकडं पाह्यजे.” मग थोडा वेळ ती गाडीकडे पाहत राहिली. “मंग आता जाते म्हना ही?”

“जाते.”

“लय धुतली जी. कदी बसली नाई.”

वहाबनं गुणवंतरावांकडे पाहिलं. जागा दोनच होत्या. गुणवंतरावांनी स्वतः दार उघडलं. बुधरीनं त्यांच्या हातात सूप दिलं, लुगड्याच्या सोग्यानं आधी एक तळपाय पुसला, मग दुसरा, आणि आत बसली, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. एव्हाना गावातली पोट्टी-पोरं जमली होती. गाडी तलावाच्या पाळीकडे निघाली, तशी पोरं आरडाओरडा करत मागे धावली. धुळीत आधी गाडी दिसेनाशी झाली, मग पोरं. नुसता आवाज येत राहिला.

गुणवंतराव सूप घेऊन खळ्याच्या कडेला उभे होते. वारा बरा होता. अर्धं उफणलेलं धान मध्ये पडलं होतं, आणि तिकडून कोणाचा तरी बैल दावं ओढत, अजिबात घाई न करता, त्या राशीकडे येत होता.

“हाट्! हाट्!” ते ओरडले.

बैलानं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि धानात तोंड घातलं. जवळपास कोणी नव्हतं. गुणवंतरावांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट खळ्याबाहेर जोडीनं ठेवले आणि सूप घेऊन अनवाणी आत गेले.