पोटातलं लोखंड

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे, पण माझ्या खोक्यावर 'नवीन' असं छापलेलं आहे. संगणकाच्या डब्यात मागच्या कोपऱ्यात बसून प्रत्येक भागाला वीज वाटून देणं, हे माझं काम. दुकानात मला एसएमपीएस म्हणतात. आपल्या जन्माची कहाणी सांगताना इतर वस्तूंचा ऊर भरून येतो. मला मात्र मळमळतं.

एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी जुळणी झाली. भंगारातले भाग उपटून माझ्यात डकवले. त्या चिकट्यात एक झुरळही अडकलं; ते अजून तिथंच आहे. दोनशे वॅट देताना मला धाप लागते, तरी कपाळावर सहाशेची पट्टी चिकटवली. शेवटी माझ्या पोटात एक जाड लोखंडी तुकडा बसवला. त्याला एकही तार जोडलेली नाही. मी हाताला जड लागावं, एवढ्यासाठीच तो आहे.

नांदेडच्या अमरनाथने मला आपल्या संगणकाच्या दुकानात मांडलं. तिथं अहमदपूरहून भगवानराव आणि त्यांची लेक राजकन्या आले. राजकन्या लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकली होती. गावातला स्टुडिओवाला घरी काम द्यायला तयार होता, म्हणून ती एकेक भाग निवडून स्वतःचा संगणक जुळवत होती. कोणता भाग किती वीज खातो, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं. तिने पॉवर सप्लायच्या एका साध्या काळ्या पेटीवर बोट ठेवलं.

पण भगवानराव मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, मापाडी. सोयाबीनचं पोतं नुसतं हलवून त्यांनी वजन सांगावं आणि काट्याने तेच दाखवावं, अशी त्यांची ख्याती. त्यांनी ती पेटी एका हातात घेतली, मला दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात वर-खाली केले.

"ह्येच घे माय. ह्याच्यात माल भरून हाय."

"बाबा, वजनावर नसतंय हे. ह्याच्यावर कंपनीचं धड नाव बी न्हाई."

"उमर गेली माझी तोलण्यात. हाताला कळतंय."

"काकाचा हात बरोबर हाय," अमरनाथ हसून म्हणाला. माझ्या पोटात काय आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. बापाचं मन चारचौघांत कसं मोडावं, म्हणून राजकन्येने माझे पैसे मोजले.

अहमदपूरला काही महिने माझं फार कौतुक झालं. कामं हलकी होती, मी कसाबसा निभावत होतो. पाहुणे आले की भगवानराव सांगायचे, "आतली पेटी म्या निवडली." ते ऐकून वाटायचं, या माणसाला कुणीतरी सांगा रे.

मग उमरीच्या पुनमच्या लग्नाचं काम आलं. पाठवणीच्या वेळी पुनमची आई केवळाबाई चक्कर येऊन पडली होती. शुद्धीवर आली तेव्हा गाडी निघून गेली होती. "माझी लेक जाताना मला बघायची हाय. तेवढं आधी दाखव गं बाई," असं ती राजकन्येला सांगून गेली होती. स्टुडिओने पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याची कार्डं पुसून टाकली होती. सगळं चित्रण आता एकाच हार्ड डिस्कवर होतं, आणि ती डिस्क माझ्या तारेला जोडलेली होती.

भर दुपारी राजकन्येने अख्खी फिल्म तयार करायला लावली. ग्राफिक कार्डने पहिल्यांदाच पोटभर वीज मागितली. माझ्याकडे ती कधी नव्हतीच. पंखा घरघरला, माझ्यातले वीज साठवणारे कंडेन्सर फुटले, सडक्या मासळीसारखा वास खोलीभर पसरला आणि नको तेवढी वीज डिस्कमध्ये घुसली. लोखंडाचा तुकडा मात्र जागचा हलला नाही.

डिस्क दुरुस्तीवाल्यांकडे नेली, पण तिच्यातून काहीच निघालं नाही. केवळाबाई आली. तिने चहाला हात लावला नाही.

"म्हंजी माझी लेक जाताना मला दिसायची न्हाई तर," एवढं बोलून ती उठली. भगवानराव भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बाप-लेक मला घेऊन पुन्हा नांदेडला आले. अमरनाथ म्हणाला, "तुमच्याकडची लाईटच खराब हाय." राजकन्या सरळ फळीकडे वळली. गरजेपेक्षा थोडी जास्त ताकद, ग्राफिक कार्डासाठी वेगळी तार आणि कंपनीची लेखी हमी, हे सगळं पाहून तिने पेटी निवडली. सवयीने भगवानरावांचा हात पुढे आला.

"हात नका लावू बाबा," ती हळूच म्हणाली.

त्यांनी हात खिशात घातला. "वजन तर लई चांगलं होतं," ते माझ्याकडे बघत पुटपुटले. त्यांना अजूनही काही कळलं नव्हतं.

"जुनं ठिवून जावा, भंगारात टाकतो," अमरनाथ म्हणाला. ते गेल्यावर त्याने मला उघडलं, दुसऱ्या मेलेल्या पेटीतले कंडेन्सर लावले, काजळी पुसली आणि सहाशेच्या जागी साडेसातशेची पट्टी डकवली. झुरळ तसंच ठेवलं, लोखंडही तसंच.

मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला घेऊ नका. आपल्या यंत्राला किती वीज लागते ते आधी बघा. ती देणारा कोण आणि तिची हमी कोण घेतो, ते विचारा. मला या फळीवर खुशाल धूळ खाऊ द्या.

इस्लापूरचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आत्ताच दुकानात आले आहेत. लेक मोबाईलमध्ये बघून काहीतरी विचारते आहे. त्यांचं तिच्याकडे लक्ष नाही. त्यांनी मला उचललं आहे, आणि ते हात वर-खाली करत आहेत.